छातीएवढ्या पाण्यातल्या चाची

पाणीवाल्या चाचींना पोहता येत नव्हतं. यवतजवळच्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कोमट पाण्याचा मोठा हौद होता. मोडलेल्या, आखडलेल्या माणसांना त्यात तरंगवायचं, हा त्यांचा रोजगार. पहिल्या दिवशी हे कळल्यावर मी घाबरलो, तर त्या हसल्या. "मला कशाला पवायला लागतंय? पानी छातीएवढं हाय, मी उभी हाय. तुम्ही नुसतं पडून ऱ्हावा."

पडून राहणंच मला जमत नव्हतं. आम्ही राहू गावचे, झेंडूवाले. फुलांचे क्रेट भरून पिकअप पुण्याला निघाली होती. गाडी मी चालवत होतो, शेजारी दादा, माझा थोरला भाऊ. हायवेला उलट्या बाजूनं ट्रक अंगावर आला. मी स्टिअरिंग उजवीकडे मारलं आणि डावी बाजू ट्रकसमोर गेली. दादा जागीच गेला. माझं कंबरेचं हाड मोडलं, एवढंच. चूक ट्रकवाल्याची, असं सगळेच म्हणाले. स्टिअरिंग कुठं वळलं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

कुणालाही पाण्यात घेण्याआधी चाची कोपर बुडवून बघायच्या, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं. मग गुडघ्यांखाली फोमची नळी सरकवायची, एक तळवा मानेखाली, दुसरा कंबरेखाली, आणि मागं मागं चालत माणसाला हळूहळू डुलवत न्यायचं. कान पाण्याखाली गेले की जग बंद. फार बोलायच्या नाहीत. मान ताठ लागली तर तेवढं म्हणायच्या, "सोडा, सोडा. डोकं लई जड असतंय मान्साचं. जरा वेळ माझ्याकडं द्या."

एके दिवशी मान सुटली. पाठीतली कळ विरघळत गेली आणि अपघातानंतर पहिल्यांदा मला बरं वाटलं. नुसतं बरं नाही, सुख वाटलं. डोळे उघडले तर समोर बाकावर वहिनी. दादाची बायको. मला रिक्षात घालून आणणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तीच यायची आणि माझा टॉवेल मांडीवर घेऊन बसायची. मी असा काही आकसलो की नाकातोंडात पाणी गेलं.

चाचींनी मला कडेला टेकवलं. वहिनी प्यायचं पाणी आणायला आत गेली तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "चाची, मला बरं व्हायची लाज वाटते." आणि मग स्टिअरिंगचंही सांगून टाकलं.

तुमची चूक नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. ओल्या तळव्यानं माझं तोंड पुसलं. "वाटू द्या लाज. पन पाय हलवत ऱ्हावा. लाज काय, चालता चालता बी वाटती."

वहिनी परत आली तेव्हा त्यांनी तिलाच हाक मारली. "बाई, या आत."

"मी? मला काय झालंय?"

"ह्यांची कंबर मोडली तर सगळं घर पळतंय. तुमचं कुनी बघितलं का? या."

वहिनी पंजाबी ड्रेसवरच उतरली. आधी हौदाची कड सोडेना. चाचींनी घाई केली नाही. ती आडवी झाली, डोळे मिटले, आणि हौदाची अर्धी फेरी झाली असेल नसेल, ती मोठ्यानं रडायला लागली. कान पाण्यात, त्यामुळे आपला आवाज केवढा आहे हे तिला कळत नसावं. चाची थांबल्या नाहीत, उगी उगीही म्हणाल्या नाहीत, डुलवत राहिल्या. माझी औषधं आणि माझी पथ्यं सांभाळण्यात आमच्या घरानं या बाईला रडायलाही जागा ठेवली नव्हती. मी टॉवेल गुंडाळून खाली मान घालून बसलो.

त्यानंतर वहिनी नुसती माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीही हौदावर यायची. मी काठीवर आलो, मग काठीही सुटली. माणसं उचलून उचलून चाचींचा खांदा मात्र गेला. त्यांनी काम सोडलं आणि लेकीकडे शिरूरला राहायला गेल्या.

मागच्या हिवाळ्यात तिकडे फुलं पोचवायला गेलो, तेव्हा त्यांना भेटलो. हात गळ्यात अडकवलेला. आधी वहिनीची चौकशी केली. ती आता फुलांचा गाळा सांभाळते, हे ऐकून खूश झाल्या. मग म्हणाल्या, "आन् तुम्ही गाडी चालवता व्हय?"

"चालवतो."

"शेजारी कोन बसतं?"

त्या अंगणातनं गाडीपाशी गेल्या. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर मी रिकामे क्रेट रचून दोरीनं बांधले होते.

"हे काढा. मला खांदा दाखवाया जायचंय, सोडा मला."

"रिक्षा बोलावतो ना, चाची."

"रिक्षा नगं."

मी दोरी सोडली आणि क्रेट मागं टाकले. त्या बसल्या, चांगल्या हातानं दार ओढून घेतलं. गावाबाहेर आलो आणि समोरून ट्रक आला. त्याच्या बाजूनं, त्याच्या चालीनं येत होता. तरी माझा डावा हात स्टिअरिंग सोडून त्यांच्यापुढे आडवा गेला. चाचींनी तो हात धरला आणि उचलून परत स्टिअरिंगवर ठेवला.

"मी बसलीय नीट. तुम्ही म्होरं बघा."