डाव्या डोळ्याखालचा भोवरा

घोडी आमच्या दारात आली त्याच संध्याकाळी वडिलांनी तिला रक्त येईपर्यंत मारलं. शेजारच्या छपरावरचा पत्रा घसरून पडला, ती उधळली, दाव्यासकट मेख उपटली आणि अंगणातला रांजण फोडला. वडिलांनी तिला भिंतीशी कोंडलं आणि चामड्याचा पट्टा काढला. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. पट्ट्याचा कोरडा आवाज हळूहळू ओला होत गेला, तो मला अजून ऐकू येतो.

काका या उन्हाळ्यात गेले. त्यांच्याविषयी लिहायला बसते आणि दर वेळी त्या पट्ट्यापाशी येऊन थांबते. वडिलांचे ते धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्यातच राहिले आणि जन्मभर जनावरांचं केलं.

ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पंचवटीत आमचा टांगा होता. रिक्षा वाढल्या, टांग्यात बसायला कुणी उरेना, तेव्हा वडिलांनी टांगा मोडला आणि वरातीसाठी घोडी ठेवायचं ठरवलं. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातून त्यांनी ही आणली. पांढरीशुभ्र, गुलाबी नाकाची. डाव्या डोळ्याखाली रुपयाएवढी जागा तेवढी बिनकेसांची होती. विकणारा म्हणाला होता, तोंडाला बांधलेल्या मोहरकीच्या दोरीनं घासलंय, भरेल.

भित्र्या जनावराला मोडल्याशिवाय त्याची भीती मोडत नाही, असं वडील आपल्या वडिलांकडून शिकले होते. ते तिचा मागचा एक पाय दोरीनं पोटाशी आवळून बांधत, वरच्या ओठाला फास घालून तो काठीनं पिळत, आणि ती तीन पायांवर थरथरत असताना पायाशी लवंगी फटाक्यांची माळ लावत. ती कोसळायची. कोसळली की पट्टा. तिचे गुडघे सोलून निघाले होते, तोंडाला लाल फेस असायचा.

"दादा, ती कशाला भिती तेच आजून कळलं नाय आपल्याला," काका एकदा म्हणाले.

"तुला कळून काय करायचंय? वरातीत नाचवायचीय का मांडीवर निजवायचीय?"

"निजली तर निजवीन."

"निजव. पण तुळशीच्या लग्नापर्यंत वठणीवर आली तर आली. नाय तर परत येवला. तिथून कुठं जाईल ते तुला ठाव हाय."

काकांना ठाऊक होतं. बाजारातही जे खपत नाही ते जनावर कसायाच्या टेम्पोत चढतं. एरवी भावापुढे मान वर न करणारे काका त्या दिवशी म्हणाले, "मग तवर तिला मी बघतो. तू पट्टा लावायचा नाय." वडील हसले. पण पट्टा त्यांनी खुंटीला टांगला.

काका हरभरे भिजत घालायचे, त्यात कोंडा आणि गुळाचा खडा. वर हिरवागार लसूणघास. घमेलं तिच्यापुढे ठेवलं की भिंतीपलीकडे जाऊन तेलाच्या रिकाम्या डब्यावर चमच्यानं टिकटिक करत बसायचे. ती दचकून मान वर करायची, मग भूक तिची मान खाली आणायची. टिकटिक रोज थोडी जवळ आली, चमच्याच्या जागी काठी आली. हे वाचायला सोपं वाटतं. तिनं एकदा काकांच्या खांद्याचा लचका तोडला, आई हळद दाबत होती आणि काका गोठ्याकडे तोंड करून ओरडत होते, "मला खा, मलाच खा! हरभऱ्यापेक्षा ग्वाड लागतो का गं मी?" दुसऱ्या एका दिवशी तिनं त्यांना गव्हाणीवर असं दाबलं की दोन दिवस त्यांना खोल श्वास घेता येईना.

हे सगळं व्हायचं ते डावीकडून हात गेला की. उजवीकडून गेलं तर ती नुसतीच थरथरायची. काकांनी ते ओळखलं, त्यामागचं कारण मात्र ओळखलं नाही. डाव्या बाजूनं ते तळहातावर हरभरे घेऊन, हात खालून हळूहळू वर नेत. दसऱ्याच्या सुमारास ती त्या हातातून खाऊ लागली. मग काका तिला बँडवाल्यांच्या तालमीला नेऊन बांधत. ढोल कानाशी वाजत असताना ती तोबऱ्यातलं खात राही. अंगावर चकाकी आली. डोळ्याखालची बोडकी जागाही भरून आली. पांढऱ्यावर पांढरे केस, नीट पाहिलं कुणीच नाही.

पहिली वरात इंदिरानगरातली. नवरदेव माझ्या मैत्रिणीचा भाऊ, म्हणून मीही गेले होते. बँड, जनरेटर, फटाके, सगळ्यांत घोडी उभी राहिली. वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. नवरदेव चढला. मग त्याची आत्या ओवाळायला पुढे आली. आमच्याकडे नवरदेवाबरोबर घोडीलाही कुंकू लावतात, तिलाही ओवाळतात. आत्या डावीकडून आली आणि तिनं निरांजन घोडीच्या तोंडाजवळ नेलं.

घोडी किंचाळली. घोड्याचा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. ती मागच्या पायांवर सरळ उभी झाली, नवरदेव पाठीवरून रस्त्यावर आदळला, आणि खाली येताना तिचा पुढचा खूर लगाम धरलेल्या काकांच्या जबड्यावर बसला. काकांनी लगाम सोडला नाही. तोंडातून रक्त आणि दात गळत होते, आणि तसेच ते तिच्यामागे फरफटत गेले. नवरदेवाचा हात मोडला होता. त्याच्या मामांनी आधी वडिलांना मारलं. मग वडिलांनी बँडच्या गाडीवरची साखळी ओढून घेतली आणि घोडीला मारलं, पाठीवर, मानेवर, तोंडावर. "पांग फेडलेस, रांडे! पांग फेडलेस!" मी मैत्रिणीच्या आईचा हात घट्ट धरून उभी होते. मध्ये पडायची कुणाची छाती नव्हती.

सकाळी काका दवाखान्यातून आले ते जबडा तारांनी बांधून. वडील घोडीचं तोंड धूत होते, तिला विकायचं तर रक्त काढणं भाग होतं. धुता धुता त्यांचा हात थांबला. ओल्या केसांत, डाव्या डोळ्याखाली, नव्यानं उगवलेला भोवरा स्पष्ट दिसत होता.

"आसूढाळ," ते म्हणाले.

डोळ्याखाली भोवरा असलेलं घोडं, ज्याच्या घरी जाईल तिथं आसवं ढाळायला लावतं, असं घोडेवाले मानतात. ते कुणी घेत नाही. म्हणून आधीच्या मालकानं केस जाळून भोवरा मिटवला होता. काकांच्या हरभऱ्यांनी तो परत आणला. काकांना सगळं एका क्षणात उमगलं असणार. ते बोटांनी दिव्याची ज्योत दाखवत होते, मग स्वतःचा डोळा, मग घोडी, आणि घशातून नुसते आवाज येत होते. वडिलांनी तिकडे पाहिलं नाही.

"आजच्या आज घालवा तिला," आई दारातून म्हणाली. "माझ्या घरात नको."

"हे दिसल्यावर घील कोण?" वडील आत गेले आणि कालथा चुलीत घातला.

त्यांनी तिचं डोकं खांबाशी करकचून बांधलं. कालथा लाल होऊन आला तशी ती दाव्याला लटकून मागे रेटू लागली, खुरांखालच्या फरशीचे तुकडे उडाले. काका मध्ये घुसले. उजव्या मुठीतले हरभरे त्यांनी तिच्या तोंडाशी धरले आणि डावा तळहात तिच्या डोळ्याखाली ठेवला. वडिलांचा हात तोवर निघाला होता. कालथा काकांच्या हाताच्या पाठीवर बसला. चरचर आवाज झाला, वास आला. काकांनी हात काढला नाही. बांधलेल्या जबड्यातून लांबट हुंकार आला, पण हात हलला नाही, आणि त्या हाताखाली घोडी उभी राहिली. थरथरत होती, पण हरभरे चावत होती.

"येडा हैस का? हात काढ ना!" वडील ओरडले. कालथा त्यांनी अंगणात भिरकावला. मग बराच वेळ ते तिच्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत राहिले. पुढे होऊन त्यांनी स्वतःच गाठ सोडली.

"ठेव तुझी अवदसा," ते म्हणाले.

जबडा सांधेपर्यंत काका पातळ पेजेवर होते. घमेल्यापुढे बसून तिला म्हणायचे, म्हणजे म्हणत असावेत, की तुझं खाणं माझ्यापेक्षा बरं आहे. त्या हिवाळ्यात ते डब्याऐवजी पेटतं निरांजन घेऊन बसू लागले, आधी दूर, मग जवळ. पुढच्या मोसमात ती वरातींना गेली, आणि दोन हजार सालानंतरही कितीतरी वर्षं जात राहिली. ओवाळायला येणाऱ्या बायांना काका दर वेळी सांगायचे, "ताई, उजवीकडून. तिला डावीकडून चालत नाय." भोवऱ्याचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. घोडी म्हातारी होऊन आमच्याच गोठ्यात मेली, नंतर वडील गेले, आता काका.

तेराव्याला आईनं काकांच्या फोटोसमोर निरांजन ठेवलं. मी ते उचलून उजवीकडे ठेवलं. "अगं, तिथं वारा लागतो," म्हणत तिनं ते पुन्हा डावीकडे सरकवलं. मी पुन्हा उचलून उजवीकडे ठेवलं. तेव्हा ती थांबली, आणि वाऱ्याला आड म्हणून तिनं दिव्यामागे आपला हात धरला.