ढाल, भाषण आणि सुमनची शाळा

"भाषन भलतं भारी शे ताई, पन तू हाई कोनले सांगी ऱ्हायनी?"

हे म्हणणारे भिकनभाऊ, चोपड्याजवळच्या आमच्या शेतावरचे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि धुळ्याच्या वक्तृत्व स्पर्धेतून ढाल घेऊन आले होते.

भाषण माझं नव्हतंच. गुलामीतून सुटलेल्या एका परदेशी माणसाचं, फार जुनं. देशाच्या स्वातंत्र्याच्या सोहळ्याला त्याला बोलायला बोलावलेलं... आधी तो यजमानांच्या वाडवडिलांचं मनापासून कौतुक करतो, सगळे सुखावतात. आणि मग विचारतो, तुमच्या या सणात अजून गुलामीत असलेल्या माझ्या माणसांसाठी काय आहे? आमच्या सरांनी ते मराठीत करून दिलं होतं.

शेजारीपाजारी जमवून मी ते अंगणात पुन्हा म्हणून दाखवलं. ऐन रंगात आले असताना भाऊंची नऊ वर्षांची सुमन डोक्यावर शेणाची पाटी घेऊन समोरून गेली. मी हातवारे करतच राहिले... टाळ्या पडल्या. त्यानंतर भाऊ हसत हसत ते बोलले, तू हे सांगतेयस कोणाला?

मला रागच आला. पण पुढे दोन महिने ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं आणि तेव्हाच नवं ठरतं. सालदार ठरला की शेणगोठा त्याच्या घरच्यांनी करायचा, हे वेगळं बोलावंही लागत नसे. सुमनची शाळा त्यातच सुटली होती, तिसरीत.

आखाजीला माझे वडील, आबा, ओट्यावर बसले. "काय भिकन, औंदा बी ऱ्हाशी ना?" भाऊंची मान आता हलणारच होती...

"आबा, तुम्ही मला शिकवलंत," मी मध्येच बोलले. "भाऊबंद नावं ठेवत होते, तरी एकटीला धुळ्याला पाठवलंत." आबा खूश झाले. "मग सुमननं शाळा का सोडायची?"

आबांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुन्हं ते ढालनं भाषन घरमा नको," आबा म्हणाले. पण मग भाऊंकडे वळले. "तुन्हं काय म्हननं शे रे?" इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

भाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पोर शाळामा जाई. तं मी ऱ्हासू."

"आन शेन कोन भरी?" आतून आईचा आवाज.

"हाई भरी. भाषनवाली!" आबांनी माझ्याकडे बोट केलं आणि सगळा ओटा हसला.

चार बैल, दोन म्हशी... अख्खा उन्हाळा मी शेण भरलं. जूनमध्ये सुमन शाळेत गेली. आज ती पहूरला शिक्षिका आहे.

ही गोष्ट मी खूपदा सांगितली आहे, आणि दर वेळी ती माझ्याच धिटाईची होऊन बसते. भाषणातला तो माणूस स्वतःचं बोलत होता, मी दुसऱ्या कुणाचं. अंगणातल्या त्या टाळ्या सुमनला कशा ऐकू आल्या असतील, हे मी तिला कधी विचारलंच नाही.

सुमन, तू हे वाचशीलच. या लेखाखाली तुझ्या शब्दांत लिहिशील, मला अजिबात सांभाळून न घेता? "जाऊ द्या ना ताई," म्हणशील, ठाऊक आहे... तरी विचारते.