आधी आपली टेप

मारोतीराव बिरादार, म्हणजे आम्हा साऱ्यांचे अण्णा, पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. ध्वनिमुद्रणातले त्यांचे मोठेपण सांगणारे जाणकार नांदेडात पुष्कळ आहेत. मी अहमदपूरची एक शाळामास्तरीण, तीही तापट. पण अण्णांशी माझी पहिली भेट भांडणाने झाली. ती हकिगत दुसरे कोण सांगणार?

लातूरला माझ्या मामांचे रेकॉर्डिंगचे दुकान होते. त्यांनी माझ्या आईच्या ओव्या डिजिटल टेपवर घेतल्या होत्या. पुढे आई गेली, मामाही गेले. ती एकुलती एक टेप आणि ती वाजवणारे यंत्र माझ्याकडे आले. माझ्या लेकीने आजी पाहिली नाही. निदान आवाज तरी तिच्या कानी पडावा म्हणून मी त्या ओव्या संगणकावर उतरवायला बसले, तर मधूनमधून टिकटिक येई. गावातला दुकानदार म्हणाला, साधी वायर काढा, उजेडावर चालणारी ऑप्टिकल घ्या, आवाज गोड येतो. मी ती महागडी वायर आणली. टिकटिक तशीच. तेव्हा आणखी भारी वायर कुठे मिळेल ते विचारायला मी टेप, यंत्र, सगळे सामान घेऊन तणतणत नांदेडला अण्णांच्या दारात गेले.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "माय, वायरीला कशाला कोसतीस? वायरीतनं आकडे येऊन राहिलेत, गोडवा न्हाई. आकडे समदे पोचले की आवाज तोच. गोडवा तुझ्या आईच्या गळ्यात हाय."

मी हटून बसले. म्हटले, मला फरक ऐकू येतो. लहान तोंडी मोठा घास, पण अण्णा रागावले नाहीत. "बरं, दोघं मिळून ऐकू," म्हणाले. त्यांचे स्वतःचे यंत्र बंद पडले होते, म्हणून माझेच मांडले. मी आईची टेप पुढे केली, तर त्यांनी माझा हात मागे सारला. दुसऱ्याची टेप लावण्याआधी तेवढ्याच वयाची आपली टेप लावून बघायची, हा त्यांचा शिरस्ता. नव्या टेपेने यंत्राची पारख होत नाही, असे ते म्हणत. कपाटातून त्यांनी एक टेप काढली. कुणी गृहस्थ भजन म्हणत होते.

टिकटिकीचे कारण पाच मिनिटांत निघाले. टेपचे यंत्र आणि आवाज संगणकात घेणारी पेटी आपापल्या घड्याळाने चालत होती. पेटीने यंत्राच्या चालीने चालायचे, ही साधी कळ मी फिरवलीच नव्हती. "पखवाजी अन् टाळकरी आपापल्या लयीत वाजवून राहिले, तर भजन कसं जमंल?" अण्णा म्हणाले. मग दहा मिनिटांचा एकच तुकडा दोन्ही वायरींनी घेतला, दोन्ही एकावर एक ठेवले आणि त्यातल्या एकाची लहर उलटी केली, म्हणजे सारखे असेल ते एकमेकांना खाऊन टाकते. फरक असेल तर तेवढाच ऐकू येईल, नसेल तर काहीच नाही. मी कान देऊन दहा मिनिटे बसले. काहीच नव्हते. मी मुकाट्याने ती महागडी वायर पिशवीत टाकली.

टेप काढायला गेलो, तर यंत्राने ती आत गुंडाळून तोडली होती. तिथे आईची टेप असती तर? अण्णा शांतपणे म्हणाले, "जुनीच होती." दोन दिवस खपून त्यांनी यंत्र दुरुस्त केले, ओळखीपाळखीतून दोन जुन्या टेपा मागून आणून वाजवून पाहिल्या, आणि मगच आईची लावली. साध्या वायरीने. एकही टिक आली नाही. आई सबंध गायली, आणि मी तिथे बसून पोटभर रडले.

ते भजन कुणाचे होते, हे अण्णांच्या पत्नी सुमनकाकूंनी पुढे वर्षभराने सांगितले. अण्णांच्या वडिलांचे. त्यांचा आवाज तेवढ्या एकाच टेपेत होता. आता उरली ती आम्ही घेतलेली दहा मिनिटे. मी अण्णांवर चिडले, खरोखर चिडले. असे का केलेत म्हणून विचारले. खाली मान घालून ते म्हणाले, "त्या वयाची दुसरी टेप घरात नव्हती. अन् बाबाला म्या जन्मभर ऐकलं, माय. तुझ्या लेकीनं आजीला एकडाव बी ऐकलं नव्हतं."

लोक त्यांना तंत्रज्ञ म्हणतात, ते खरेच आहे. मी त्यांना माझ्या माहेरचे माणूस मानते.

अण्णा, शंभरी गाठा, सुमनकाकूंसह गाठा, आणि गुडघ्यांचे औषध वेळेवर घेत जा. माझ्या लेकीला आता आजीच्या बारा ओव्या पाठ आहेत. सत्काराच्या दिवशी ती तुमच्यासमोर बसून त्या म्हणणार आहे. मध्ये कुठलीच वायर नसेल.