सुभेदारांची ठेव

कुंडलच्या निवृत्त सुभेदार लालासाहेबांना कुणाला तरी सल्ला दिल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. डेअरीवर दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला ते म्युच्युअल फंडाचं माहात्म्य ऐकवत. बँकेत ठेव ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी भित्रा. अशाच एका सकाळी त्यांनी चंद्राबाईंची चारचौघांत थट्टा केली. चंद्राबाई म्हणजे त्यांच्याच पलटणीतल्या मित्राची विधवा.

"वैनी, आमचा गडी सीमेवर उभा ऱ्हायला, आन तुमी बाजाराला भ्यालासा?"

चंद्राबाई ओशाळल्या. त्यांनी ठेव मोडून सगळे पैसे फंडात घातले. नात संयोगिताच्या नर्सिंगच्या फीसाठी ते राखून ठेवले होते. पैसे कधी लागणार, हे आधी विचारायला हवं होतं. सुभेदारांना बोलण्याच्या नादात ते सुचलंच नाही.

पुढच्या वर्षी बाजार पडला. लालासाहेबांची झोप उडाली. त्यांनी गुपचूप आपले पैसे काढले आणि गावात चकार शब्द बोलले नाहीत. फौजेतल्या माणसानं माघार घेतली, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? चंद्राबाईंना तरी सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या घरी गेले, चहा पिऊन परत आले.

नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागतं. एरवी ते चंद्राबाईंना गाडीवरून नेत. यंदा काहीतरी निमित्त सांगून एकटेच गेले.

"सुभेदारसाहेब, ठेवीची पावती घ्या," काउंटरवरच्या दीपालीनं मोठ्यानं हाक मारली. "फंडातले सगळेच इकडं आणलेत ना?"

पावती घेऊन ते वळले, तर मागच्या बाकावर चंद्राबाई. एसटीनं आल्या होत्या.

"आवं भावजी, तुमचं काढलंसा व्हय? बरं केलंसा." आवाजात राग नव्हता, आणि तेच लालासाहेबांना सोसेना. "बाजार पडला तवा पोरगी फीच्या काळजीनं रडत हुती. मी म्हनलं, भावजींचंबी पैसं तितंच हायती. ते हाललं न्हाईत, मग आपुन कशाला हलायचं?" मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आता आमी काय करावं म्हनता?"

उभ्या गावाला सल्ले वाटणाऱ्या माणसानं हातातली पावती घडी घालून खिशात कोंबली. कान तापले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, हयातीचा दाखला राहिला की तुमचा," दीपालीनं पुन्हा बोलावलं.

लालासाहेबांनी मशीनवर अंगठा ठेवला. मान काही वर झाली नाही.