चूळ न भरण्याचा पण

रविवारी वारज्यात आमच्या सोसायटीत दात तपासणीचं शिबिर होतं. मी दातांसाठी गेलोच नव्हतो... ती येणार होती म्हणून गेलो. नाव लिहीत नाही, ती या ग्रुपवर आहे.

शाळेपासूनची ओळख. ती आता डेंटिस्ट होतेय आणि मी कॉलेज मध्येच सोडून मार्केट यार्डात मामाच्या गाळ्यावर बसतो.

मी ऐटीत तोंड उघडलं. तिने आरसा घालून बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या दातावर पांढरा डाग आहे. किडीची सुरुवात."

माझं डोकंच सटकलं. "शक्यच नाही! दोन वेळा घासतो, फ्लोराइडची पेस्ट आहे!"

"आणि घासून झाल्यावर?"

"चूळ भरतो की. मस्त खळखळून, तोंड स्वच्छ होईपर्यंत."

"म्हणजे फ्लोराइड बेसिनला. बेसिनचे दात छान असतील तुझ्या."

रांगेतले काका खो खो हसले. उठून चालता झालो असतो, पण तिने पुन्हा आरसा घातला होता...

मग तिने नीट सांगितलं. आपण खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल बनवतात, त्याने दातातली खनिजं झिरपून जातात. लाळेतून ती परत बसतात, आणि फ्लोराइड असेल तर जास्त पक्की बसतात. पण त्यासाठी ते दातापाशी थांबायला हवं ना!

"नुसतं थुंकायचं. चूळ नाही, लगेच चहा नाही. अजून खड्डा पडला नाहीये, दात वाचेल. पडला की ड्रिल." मग हळूच म्हणाली, "हे तरी मध्येच सोडू नकोस."

लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून सकाळी आमच्या घरी युद्ध आहे. आई ओरडते, "अरे घाणेरड्या, चूळ तरी भर!" तोंडात पेस्टची चव, समोर चहा निवतोय... आणि मी घड्याळाकडे बघत गप्प बसलेला. मी, गप्प! मामाला तर वाटलं, ताप आलाय.

दिवाळीनंतर ती डाग पुन्हा बघणार आहे. थँक्स, डॉक्टर. मला आणखीही काहीतरी बोलायचंय, ते त्याच दिवशी बोलेन. तेव्हा तुझ्या हातात ड्रिल नसेल, एवढं मी बघतो.