अपडेट चालू आहे, मेन पाडू नका

‘बदल पूर्ण करता आले नाहीत. केलेले बदल मागे घेत आहोत. संगणक बंद करू नका.’ ही तीन वाक्यं निळ्या पडद्यावर पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या घरात शेवटचं वाक्य ऐकणार कोण?

दिवेआगरला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, म्हणजे वादळाने ठेवली तेवढी. घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. आई गेली. ती वादळात गेली नाही. कौलं उडत होती तेव्हा ती देवघरात बसून होती आणि तिला खरचटलंसुद्धा नाही. ती गेली त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, गावात पुन्हा वीज आली त्या दिवशी. आडव्या पडलेल्या पोफळींखाली विहिरीवरच्या पंपाची तुटलेली वायर होती, हे कुणाच्या डोक्यात राहिलं नव्हतं. घरातला मेन स्विच चालू होता. लाइट आली म्हणून सगळी आळी ओरडत होती आणि आई सुपाऱ्या गोळा करायला वाडीत गेली होती.

तेव्हापासून वाडीत पाय ठेवायच्या आधी मेन पाडायचा, असा नियम झाला. पंप लावलेला असेल तेव्हा वाडीकडे कुणी फिरकायचं नाही. नियम बाबांनी केला, पण हळूहळू शेजारीपाजारीही तसंच करू लागले. नारळ उतरवायला येणारा पाडेली फाटकातूनच ओरडतो, “मेन पाडलाय काय? न्हायतर मी आत येत न्हाय.” बाहेरगावच्या माणसाला हे वेड वाटेल. वाटू दे.

अडचण एवढीच की बाबा दिवसभर वाडीत जा-ये करतात. झावळी पडली की जातात, वानरं आली की जातात, काही झालं नाही तर काही झालं नाही ना हे बघायला जातात. दर वेळी पडवीतल्या बोर्डावर खट् असा आवाज येतो, पंखा गरगरत थांबतो आणि माझं काम बंद पडतं.

माझं काम म्हणजे इन्शुरन्सच्या दाव्यांचे कागद घरबसल्या तपासायचे. कंपनी नवी मुंबईतली. आई गेल्यावर मी इकडे आले ती या नोकरीच्या जिवावर. घरून काम करायचं तर मशीन स्वतःचं हवं, अशी त्यांची अट होती. माझ्या लॅपटॉपची बॅटरी खाऱ्या दमट हवेत इतकी फुगली की खालचं झाकण उचललं गेलं, म्हणून ती काढून टाकली. नवी मागवली ती चुकीची आली, परत पाठवली तर पुन्हा तीच आली. मग लॅपटॉप थेट लाइटीवर चालायला लागला. इन्व्हर्टर घेऊ म्हटलं तर बाबांनी साफ नकार दिला. मेन पाडल्यावरही घरातल्या वायरींत करंट राहणार, मग मेन पाडून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. खोटं काही नव्हतं त्यात. त्यांच्याशी वाद घालणं म्हणूनच तर अशक्य होतं.

मग ऑफिसचा मेल आला. ऑपरेटिंग सिस्टीमचं नवं अपडेट ज्या मशीनवर नसेल ते मशीन ठरल्या तारखेनंतर ऑफिसच्या सिस्टीमला जोडलं जाणार नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी ऑफिसात येऊन काम करावं. म्हणजे एक तर अपडेट, नाहीतर नवी मुंबई. मी गेले तर बाबा इथे एकटे, आणि बाबा येणार नाहीत हे मला माहीत होतं.

मी अपडेट लावलं. निम्म्यावर आलं आणि खट्. पुन्हा लावलं, तर कधी वानरं, कधी झावळी. त्यानंतर मात्र मेन चालू असतानासुद्धा ते होईना. थोडं पुढे जायचं, थांबायचं आणि ‘बदल मागे घेत आहोत’. मी बाबांना लॅपटॉपसमोर उभं करून ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं, “संगणक बंद करू नका. बघा, कंपनीसुद्धा हात जोडून सांगतेय.”

“हो, हो,” म्हणाले. बाबांचा ‘हो’ हा नुसता आवाज असतो.

ऑफिसच्या मदतकेंद्रातल्या पोराने मला मशीन बंद करून चालू करायला सांगितलं. म्हटलं, भल्या माणसा, आमच्याकडे ते काम अखंड चालू असतं, त्यानेच तर हे झालंय. मग त्याने ऐकवलं की मशीन तुमचं आहे, आम्ही त्यात हात घालत नाही. श्रीवर्धनचा दुकानदार म्हणाला, “सगळं उडवतो आणि नवीन टाकून देतो.” कुठलं नवीन, म्हणून विचारलं तर हसला. चोरीची सिस्टीम ऑफिसला चालली नसती. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन केला. तो पनवेलला असतो. तो म्हणाला, “छोड ना यार, इकडेच शिफ्ट हो. वाडी लीजवर देऊन टाकू, रिसॉर्टवाले मागतायत.” दादाला कुठलीही अडचण सांगा, तिचा शेवट रिसॉर्टवाल्यांपाशी होतो.

शेवटी माझी मीच वाचत, शोधत बसले. रोग समजला. अपडेट सिस्टीमच्या फाइली बदलत असताना मधेच लाइट गेली की काही फाइली अर्धवट लिहिल्या जातात. पुढचं अपडेट येतं ते या फाइली नीट आहेत असं धरून येतं, आणि त्या सडलेल्या निघाल्या की परत फिरतं. उपाय होता. पडद्यावर कमांडची काळी खिडकी उघडायची आणि तपासणीचा हुकूम टाइप करायचा. मशीन एकेक फाइल बघतं आणि खराब सापडली तर तिच्या जागी स्वतःकडची चांगली प्रत ठेवतं. मी हुकूम दिला. उत्तर आलं, खराब फाइली सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत.

का, तर ज्या कोठारातून चांगली प्रत काढायची ते कोठारच खराब झालेलं होतं. मग आधी कोठार दुरुस्त करणारा दुसरा हुकूम द्यायचा. त्यासाठी फाइली नेटवरून येतात, म्हणजे नेट आणि लाइट दोन्ही सलग हवीत. शेजारच्या होमस्टेमध्ये इन्व्हर्टर आहे म्हणून लॅपटॉप उचलून तिकडे गेले. सुट्टीचे दिवस, सगळ्या खोल्या भरलेल्या, आणि प्रत्येक पाहुणा झोपाळ्यावर बसून व्हिडिओ बघतोय. त्या नेटवर माझा हुकूम जागचा हलला नाही. घरीच करावं लागणार होतं.

मुदतीचा दिवस आला. जेवणं झाल्यावर मी बाबांना म्हटलं, “आज दुपारभर मेन पाडायचा नाही. माझी नोकरी आहे यावर. नोकरी गेली तर मला जावं लागेल.”

ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “नाही पाडणार गो. मी वाडीत जातच नाही आज.”

या वेळचा आवाज वेगळा होता. त्यांनी पडवीत बोर्डाखाली खुर्ची ओढली आणि पहारा दिल्यासारखे बसले. मधे वानरं आली. बाबा जागेवरून नुसतं ‘हाः हाः’ करत राहिले, उठले नाहीत. मागच्या बाजूला धप्पकन नारळ पडला, तेव्हा त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले, पण ते बसून राहिले. मी आतून बघत होते. कितीतरी दिवसांनी मला त्यांच्याबद्दल माया वाटली.

कोठार दुरुस्त झालं. पहिला हुकूम पुन्हा दिला आणि या वेळी मशीन म्हणालं की खराब फाइली सापडल्या आणि सगळ्या दुरुस्त केल्या. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली. अर्धवट उतरलेल्या जुन्या अपडेटचा कचरा काढून टाकला आणि अपडेट लावलं. जिथे दर वेळी अडकायचं ती जागा ओलांडून ते पुढे गेलं. मशीन आपणहून बंद झालं, चालू झालं आणि निळ्या पडद्यावर आकडे चढायला लागले. आता बघत बसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

बाबांना जेवणानंतर विडा लागतो. त्या दिवशी माझ्यापायी ते बिनविड्याचे बसले होते, कारण पानवेल वाडीत, पोफळींवर चढवलेली. माझ्या मनात आलं, दोन पानं खुडून आणावीत. स्वयंपाकघराचं करकरणारं दार उघडून मी बाहेर पडले. अनवाणी. सकाळचं शिंपण झालेलं, माती ओली होती. एक चांगलं कोवळं पान बघून खुडत होते आणि घरातून आवाज आला. खट्.

मी धावत आत आले. पडदा काळा. बाबा बोर्डापाशी उभे, हात अजून मेनवर.

“मेन पाडलात?”

“तू वाडीत होतीस गो.”

मी मेन वर केला, मशीन चालू केलं. ते स्वतःला दुरुस्त करायला लागलं, जमलं नाही म्हणालं, पुन्हा चालू झालं, पुन्हा तेच. फिरत राहिलं गोल गोल. बाहेर ऊन कलायला लागलं होतं आणि मुदत त्याच संध्याकाळची होती. मी लॅपटॉप मिटला आणि पडवीत येऊन ओरडले. मी बाबांवर तशी कधी ओरडले नव्हते.

“पंपाची वायर नवी आहे, बाबा! पाइपातून घेतलीय, तुमच्या डोळ्यांदेखत घेतलीय. वाडीत आता काही नाही!”

“माहित्ये मला.”

“मग का पाडलात?”

“तू वाडीत होतीस,” ते पुन्हा म्हणाले. जणू मी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं.

मग या घरात इतकी वर्षं कुणी उच्चारलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. “आईसुद्धा वाडीतच होती.”

त्यांना ते लागावं असंच मला वाटत होतं. बाबा खुर्चीत बसले. माझ्याकडे नाही, फाटकाकडे बघत बोलले.

“जाताना तिने विचारलंन मला. मेन पाडलेला आहे ना, म्हणून. मी इथे बसलो होतो. लाइट अजून आली नव्हती, इतक्या दिवसांत आली नाही ती आता काय येणार, असं वाटलं. मी हो म्हटलं. उठून बघितलं नाही.”

आळीतून कुणाची तरी गाडी गेली. अर्धं खुडलेलं ते पान मी कुठे टाकलं ते मला आठवत नाही.

त्यांची कीव आली आणि राग विरला, असं इथे लिहिलं तर ते शोभून दिसेल. तसं झालं नाही. उलट राग वाढला. हे मला आधी सांगितलं असतं तर मी त्यांच्या शब्दावर नोकरी पणाला लावली नसती, त्यांना बोर्डाखाली राखणीला बसवलं नसतं. आणि ज्या माणसाने मला असं जपलं त्याच्यावर मला धड रागावताही येत नाही, याचा राग वेगळाच. आईबद्दलचं एक वाक्य सांगायला त्यांना इतकी वर्षं लागली आणि त्यासाठी माझी नोकरी जावी लागली.

नोकरी तशी गेली नाही. ऑफिसात येऊन बसा म्हणाले, मी जाऊन बसले. दादाच्या हॉलमधला सोफा रात्री माझा असतो. निघाले त्या दिवशी बाबा एसटीपर्यंत आले, पिशवी त्यांनीच धरली होती. गाडीत चढताना म्हणाले, “पोचलीस की फोन कर.”

मी हो म्हटलं. केला नाही.