फोटोतली हिरवी शाल

भुताखेताचा विषय निघाला की मी चहाचा कप घेऊन उठून जाणारा माणूस... फोटोग्राफर आहे, भिंगातून येतं तेवढंच खरं मानतो. तरी हे लिहितोय, कारण दुसरा इलाज उरला नाही.

आम्ही लोह्याचे. मागच्या थंडीत गावातच लग्नाची ऑर्डर होती. सेकंडहँड घेतलेला लाइट फील्ड कॅमेरा हौसेनं नेला. त्यात फोटो काढल्यावरही फोकस पुढं-मागं सरकवता येतो. ऐकायला जादू — पण फोटो मोठा केला की फाटतो, आणि लांबचं माणूस कितीही सरकवा, पुसटच राहतं.

आबा, म्हणजे माझे वडील, जेवायला आले होते. त्यांना विसरण्याचा आजार. अक्षता पडल्या आणि आबा दिसेनात! मांडव, शाळा, विहिरी... सगळं धुंडाळलं. शेवटी मी आणि बायको सुनीता लॅपटॉप उघडून बसलो. एका फोटोत नवरदेवाच्या मागं, पार रस्त्यावर, पांढरा ठिपका. फोकस सरकवत राहिलो...

एकदम सगळं लख्ख झालं. आबा एसटीत चढताना. पाटी — हदगाव.

"अहो, ही हिरवी शाल कुणाची?" सुनीता म्हणाली. "आबा तर नुसत्या पांढऱ्या सदऱ्यात आले होते."

विचार करायला वेळ कुठला? गाडी काढली. हदगावच्या स्टँडवर आबा बसलेले, अंगावर तीच हिरवी शाल.

शेजारी चहाचा गाडा होता. गाड्यावरची मावशी म्हणाली, "बाबा लई काकडून राहिले होते. म्या माझीच शाल दिली."

"कुठं? लोह्यात?"

"न्हाई ओ, हितंच. एसटीतून उतरल्यावर. लोहा म्या बघितलं बी न्हाई."

घरी येऊन तोच फोटो उघडला. फोकस कितीही सरकवला, पांढरा ठिपकाच. शाल नाही, पाटी नाही. लातूरचा कॅमेरे दुरुस्त करणारा मित्र म्हणाला, "एवढ्या लांबचं ह्यात येतच नसतंय. भास झाला असंल."

दोघांना एकच भास?

यंदा सोयाबीन निघताना आबा पुन्हा गेले. पोलीस, दवाखाने, नांदेडचं रेल्वे स्टेशन... अजून सापडले नाहीत. त्या सकाळी अंगणात त्याच कॅमेऱ्यानं आमच्या मुलीचा फोटो काढला होता. मागं आबा फाटकातून बाहेर पडताना दिसतात — पुसट. मी रोज फोकस सरकवतो. सुनीता शेजारी बसून म्हणते, "थोडं मागं घ्या... अजून थोडं..."

लग्नाच्या दिवशी काय झालं, मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं, तर तेच पुन्हा केलं असतं.